चार मिलिमीटर

एका प्रचंड यंत्राची जोडणी चालली होती, तेव्हा मोजणीचं काम मामाकडे होतं. ट्रकइतकी जड चुंबकाची कॉइल क्रेननं खाली टेकवली आणि मामानं मापं घेतली. कॉइल एका बाजूला चार मिलिमीटर कलली होती. चालण्यासारखा होता एकच मिलिमीटर. पुन्हा उचलायची म्हणजे आठवडा गेला असता, आणि खालचे आधार त्यानंच बसवलेले. चारचौघांत नाचक्की नको म्हणून त्यानं ‘एक’ लिहिलं आणि सही ठोकली.

पुढे त्याची भाची त्याच यंत्रावर शास्त्रज्ञ म्हणून रुजू झाली. बहिणीनं पेढे वाटावेत तसं हे सगळ्यांना सांगितलं. मामानं मात्र विषय बदलला.

सूर्यासारखा तापलेला वायू चुंबकांच्या जोरावर कड्यासारख्या भांड्यात फिरता ठेवायचा, असं ते यंत्र. पण चुंबकीय क्षेत्र जरा वाकडं झालं की वायूचं फिरणं अडायचं आणि दोन सेकंदांत सगळं विझायचं. बाहेरच्या छोट्या कॉइलींत नेमकी वीज सोडून तो वाकडेपणा काढणं हे भाचीचं काम. महिनाभर तिनं जंग जंग पछाडलं. शेवटी बैठकीत साहेब म्हणाले, “तुमचं गणितच कच्चं आहे. सोमवारपासून दुसरं कुणी बघेल.”

मामा दाराशीच उभा होता. ती कॅन्टीनमध्ये एकटी बसलेली दिसली, तसा तो समोर जाऊन बसला.

“काही कळेनासं झालंय रे,” ती म्हणाली. “एक तुझी मापं तेवढी खात्रीची.”

“ती खोटी आहेत.”

तिनं वर पाहिलं. “किती?”

“चार. खिडकीच्या बाजूला खाली.”

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. तिनं नुसता आकडा टिपून घेतला. “साहेबांना कोण सांगणार?”

“मीच. आत्ताच.”

तो गेला, सांगितलं. सहीचा अधिकार गेला, बोलणी खाल्ली. भाचीनं खरा आकडा धरून छोट्या कॉइलींतली वीज नव्यानं ठरवली. शुक्रवारी वायू एकोणीस सेकंद टिकला, टाळ्या झाल्या. काम भाचीकडेच राहिलं.

दुसऱ्या दिवशी ती त्याच्याकडे आली. “आणि वरची कॉइल? तीही तूच मोजलीस ना?”

“ती बरोबर आहे. शपथ.”

“हं,” ती म्हणाली, आणि ती कॉइल पुन्हा मोजायला तिनं दुसऱ्या माणसाला बोलावलं. मामानं मुकाट्यानं त्याची शिडी धरली.