एका सेल्फात सुरू होणारी गाडी

मित्रांनो, मी एक जुनी क्वालिस आहे. नागपुरात सक्करदरा तलावाच्या मागे एक अरुंद गल्ली आहे. तिच्या तोंडाशी, कडुलिंबाखाली मी उभी असते. माझा चंदेरी रंग आता राखेसारखा झाला आहे आणि मागचे एक दार फक्त बाहेरूनच उघडते. तरी जुने लोक जाता जाता थांबतात, माझ्या बॉनेटवर थाप मारतात आणि म्हणतात, "हे गाडी कधी धोका नाही देत गा." असे कौतुक ऐकून कोणतीही गाडी फुलून गेली असती. मला मात्र लाज वाटते. माझ्या धन्याने, ताराचंदने, हेच कौतुक एकदा पायाखाली तुडवले, आणि तुडवताना नाव माझे घेतले.

पण आधी माझे कूळ सांगते. आम्ही जपानचे, टोयोटाच्या घराण्यातले. तुम्हाला नवल वाटेल, पण हे घराणे मुळात मोटारींचे नव्हतेच. ते होते मागाचे, कापड विणायच्या मागाचे. एका सुताराच्या मुलाने आपल्या आईला हातमागावर वाकून विणताना पाहिले आणि तिचे कष्ट कमी व्हावेत म्हणून तो मागात सुधारणा करू लागला. पुढे त्याने असा माग बनवला, की सूत तुटले की तो आपोआप थांबायचा. खराब कापड पुढे विणतच नसे. त्याच मागाच्या कारखान्यात त्याच्या मुलाने मोटारी बनवायला घेतल्या. मी त्या कुळातली. जन्म मात्र इकडचाच, बंगळुरूजवळच्या कारखान्यातला. तिथे कोणीतरी पहिल्यांदा चावी फिरवली आणि मी एका सेल्फात सुरू झाले. तेव्हापासून मला तीच सवय लागली.

ताराचंद हेडाऊ हा जातिवंत विणकर. त्याच्या आणि शेजारच्या धोंडबा निनावेच्या घरात एकच भिंत, आणि भिंतीच्या दोन्ही बाजूंना माग. ताराचंदची आई तो लहान असतानाच गेली. धोंडबाची आई रुख्माबाई मग दोन्ही घरच्या मागांसाठी सुताच्या कांड्या भरायची आणि दोन्ही पोरांना एकाच ताटात वाढायची. पुढे हातमाग बसले. धोंडबा एका गोदामात कामाला लागला. ताराचंदने साड्यांचा व्यापार धरला आणि तो चालला. गाडी घ्यायची वेळ आली तेव्हा कोणीतरी त्याला आमच्या कुळाची ही हकीकत सांगितली. झाले! त्याने दुसरी गाडी पाहिलीसुद्धा नाही. मला गल्लीत आणले आणि ओरडून सगळ्यांना बाहेर बोलावले, "पाहा गा, आपल्याच धंद्यातली गाडी आहे! मागवाल्याइची!"

रुख्माबाईने मला ओवाळले. मग ती पुढच्या सीटवर बसली, दोन्ही हातांनी वरची कडी पकडली आणि तलावाला फेरी मारून येईपर्यंत लहान पोरीसारखी हसत राहिली.

त्यानंतरची वर्षे सुखाची होती. साड्यांचे गठ्ठे घेऊन मी उमरेड, भिवापूर, कुहीच्या बाजारांना जायचे. कच्च्या रस्त्याला भ्यायले नाही, थंडीच्या पहाटे कधी कुरकुरले नाही. गल्लीतल्या सुना माझ्यात बसून बाळंतपणाला मेडिकलच्या सरकारी दवाखान्यात गेल्या आणि बाळ घेऊन माझ्यातूनच परत आल्या. ताराचंदची मुलगी काजल माझ्यावरच गाडी शिकली. नव्या चकचकीत गाड्या आल्या, पण ताराचंदने माझे पासिंग पुन्हा करून घेतले आणि मला ठेवून घेतले. "हे घरची आहे," म्हणायचा.

रुख्माबाई म्हातारपणी कुहीला धाकट्या मुलाकडे राहायला गेली. तिथे त्यांची थोडी धानाची शेती होती. ताराचंद त्या बाजूला गेला की तिच्यासाठी पेढे घेऊन थांबायचा.

मग तो दिवस आला. एप्रिलचा महिना होता. काजलला पाहायला कोराडीहून पाहुणे येणार होते. मुलगा तिथल्या वीज केंद्रात नोकरीला. ताराचंदने ठरवले, की पाहुण्यांना स्वतः जाऊन गाडीतून आणायचे. सकाळपासून त्याने मला धुतले, नवीन मखमली कव्हरे चढवली, आत अत्तर फवारले. तो काच पुसत असताना धोंडबा अनवाणी धावत आला. मागोमाग त्याची बायको कौशल्या.

"ताराचंद, कुहीहून फोन आला गा. माय गेली."

ताराचंदच्या हातातले फडके काचेवरच थांबले.

"ऊन लय तापून राहिलं, लवकरच उचलतो म्हणून राहिले ते," धोंडबा म्हणाला. "लग्नसराई आहे, भाड्याची गाडी नाही भेटून राहिली. तू गाडी काढशीन का? तोंड तरी पाहून घेतो तिचं."

मित्रांनो, ताराचंद वाईट माणूस नव्हता. त्याने खरे सांगितले असते, तर धोंडबा समजून घेणारा होता. किंवा पाहुण्यांना एक फोन करायचा होता, बस. पण त्याच्या डोळ्यांपुढे मखमली कव्हरे आली, शुभ कामाआधी मयतीला गेलेली गाडी आली, वाट पाहणारे पाहुणे आले. आणि त्याच्या तोंडून निघून गेले, "सकाळपासून सुरूच होऊन नाही राहिली गा. बॅटरी बसली वाटते."

कौशल्याने माझ्याकडे पाहिले, मग ताराचंदकडे. "क्वालिस सुरू नाही झाली? आजपर्यंत तं एका सेल्फात…"

"मशीन आहे वं ते," धोंडबा तिला म्हणाला. "बिघडते कधी. चाल, चौकातून बस पकडू."

दोघे गेले. मला तोंड असते तर मी तिथेच ओरडले असते. ताराचंद ते वळणाआड जाईपर्यंत उभा राहिला. मग आत बसला आणि त्याने चावी लावली. मी मनात म्हटले, आज तरी आपण सुरू होऊ नये. एकदा तरी बिघडावे, म्हणजे याचे शब्द खरे होतील. पण मी एका सेल्फात सुरू झाले. मला दुसरे काही येतच नव्हते.

सक्करदरा चौकात लाल दिवा लागला. मी थांबले, आणि नेमकी बसथांब्यासमोर. तिथे धोंडबा आणि कौशल्या उभे होते. बस अजून आली नव्हती. कौशल्याने मला पाहिले आणि तिचे तोंड उघडेच राहिले. धोंडबानेही पाहिले. ताराचंद मान खाली घालून गिअरशी काहीतरी करत बसला. त्याच्या तळहातांचा घाम माझ्या स्टिअरिंगला लागला. मग धोंडबाने काय केले असेल? त्याने कौशल्याचा दंड धरला, तिला वळवले आणि स्वतःही आमच्याकडे पाठ केली. जणू त्याने काही पाहिलेच नाही.

हिरवा दिवा लागला तरी ताराचंदला कळेना. मागच्यांनी हॉर्न वाजवले तेव्हा आम्ही निघालो.

परतताना पाहुण्या बाईंनी कव्हरांवर हात फिरवून तारीफ केली. ताराचंदचे लक्ष नव्हते. दोनदा वळण चुकला.

बस उशिरा आली. धोंडबा कुहीला पोचला तेव्हा त्याला लांबूनच नदीकाठचा धूर दिसला. आईचे तोंड त्याला दिसले नाही.

संध्याकाळी पाहुणे गेल्यावर काजल माझ्याजवळ उभी राहून वडिलांना म्हणाली, "बाबा, गाडी बंद होती म्हणून काकांले सांगितलं ना? मग कोराडीले कशी गेली?" ताराचंद घरात निघून गेला. चार दिवसांनी कोराडीहून होकार आला. काजलने तो घेतला नाही. घरात बराच आरडाओरडा झाला, पण तिने एकच सांगितले, "त्या दिवशीच्या कामाले मी शुभ नाही समजत."

तेरवी आटोपून धोंडबा परत आला. डोके भादरलेले, डोळे खोल गेलेले. गल्लीतली माणसे माझ्याच शेजारी, कडुलिंबाखाली चटया टाकून बसली. ताराचंदही आला. यावेच लागले. चहा फिरत असताना एका म्हाताऱ्याने विचारले, "धोंडबा, शेजाऱ्याच्या दारात गाडी उभी, अन् तू बसनं काहून गेला गा?"

ताराचंदचा कप ओठांपर्यंत जाऊन थांबला. मी वाट पाहत होते. वाटले, बोलू दे आता. मोकळे होऊ दे सगळे.

धोंडबा शांतपणे म्हणाला, "बॅटरी बसली होती गाडीची. नाही तं ताराचंदच नेत होता मले."

आणि त्याने बशीत चहा ओतून घेतला.

मित्रांनो, दगड मारला असता तर एवढे लागले नसते. त्या दिवसापासून ताराचंदला माझ्याकडे बघवेना. त्याने माझ्यावर ताडपत्री टाकली आणि स्कूटरवर फिरू लागला. कोणी विचारले तर म्हणायचा, "जुनी झाली आता." माझ्या चाकांतली हवा गेली. उंदरांनी मखमली कव्हरे कुरतडली आणि तारांना दात लावले. पावसाचे पाणी आत झिरपले. बॅटरी खरोखरच बसली. जे खोटे होते ते आता खरे झाले होते, पण आता त्याचा कोणाला काही उपयोग नव्हता. अंधाऱ्या ताडपत्रीखाली मी विचार करायचे, की गंज लोखंडाला लागतो हे तर ठाऊक होते, पण माणसालाही लागतो?

कारण भिंतीपलीकडचा धोंडबा ताराचंदला रोज दिसायचा. बोलायचा, हसायचा, सणाला फराळाचे ताट पाठवायचा. ताराचंदच बोलता बोलता अडकायचा आणि काहीतरी काम काढून उठून जायचा.

रुख्माबाईच्या वर्षश्राद्धाचे दिवस जवळ आले तेव्हा काजलने एके सकाळी माझ्यावरची ताडपत्री ओढून काढली.

"बाबा, गाडीले काहून शिक्षा देऊन राहिले? तिनं काय केलं?"

ताराचंद ओट्यावर बसला होता. बराच वेळ त्याने माझ्या बसलेल्या चाकांकडे पाहिले. मग उठला, पाण्याची बादली आणली आणि मला धुवायला लागला. या वेळी अत्तर नव्हते, कव्हरेही नव्हती. मेकॅनिक आला. तारा बदलल्या, तेल बदलले, नवी बॅटरी बसली. मला सुरू व्हायला वेळ लागला. मी खोकले, काळा धूर सोडला, पण सुरू झाले.

श्राद्धाच्या सकाळी ताराचंद शेजारच्या दारात जाऊन उभा राहिला. धोंडबा चपला घालत होता. आतल्या माणसांना ऐकू जाईल अशा आवाजात ताराचंद म्हणाला, "धोंडबा, त्या दिवशी माही गाडी बंद नव्हती. मी खोटं बोललो."

"मले मालूम आहे," धोंडबा म्हणाला. "मी पाहिलं तुले चौकात."

"मग चार माणसांत मले काहून झाकलं गा?"

धोंडबाने चपलेचा पट्टा ओढला. "तुही इज्जत गेली असती, तं माही माय परत येत होती काय?"

ताराचंद दाराच्या चौकटीला टेकला आणि रडू लागला. पन्नाशी उलटलेला माणूस, भर गल्लीत. "तिनं मलेही वाढलं होतं रे," एवढेच तो पुन्हा पुन्हा म्हणत होता. कौशल्या बाहेर आली होती. तिने पाण्याचा तांब्या त्याच्यापुढे धरला.

"गाडी काढली आहे," ताराचंद डोळे पुसत म्हणाला. "चाल, कुहीले मी नेतो."

धोंडबाने मान हलवली. "राग नाही गा माह्या मनात. पण त्या गाडीत बसलो तं मले तो धूरच दिसन. मी बसनंच जातो. कौशल्याले ने, तिचे गुडघे दुखतात."

मला वाटले, आता ताराचंद मुकाट्याने स्टिअरिंगवर बसेल. पण त्याने खिशातून चावी काढली आणि काजलच्या हातात दिली. "काकूले घेऊन तू ये. सांभाळून चालव." मग तो धोंडबाच्या शेजारी जाऊन उभा राहिला. धोंडबाने त्याच्याकडे पाहिले. नको म्हणाला नाही, ये असेही म्हणाला नाही. दोघे चौकाकडे चालू लागले.

उमरेड रोडला लागल्यावर काजलने मला त्या लाल एसटीच्या मागे ठेवले. कौशल्या पुढच्या सीटवर बसली होती. बसच्या मागच्या काचेतून दोन डोकी दिसत होती, धोंडबाचे टोपीचे, ताराचंदचे टक्कल पडलेले, मध्ये वीतभर अंतर. कुही फाट्यापर्यंत ती दोन्ही समोरच बघत होती. फाट्यावर बस खड्ड्यात आदळली तेव्हा टक्कलवाले डोके कलंडले आणि टोपीवाल्याने हात पुढे करून त्याला सावरले. तो हात मग बराच वेळ तिथेच राहिला. कौशल्याने पदर डोळ्यांना लावला. काजलने वेग आणखी कमी केला.

मित्रांनो, मी आता थकले आहे. पुढच्या पासिंगला मला कोणी नेईल असे वाटत नाही, आणि त्याचे मला दुःखही नाही. तुम्ही आपल्या घरच्या गाडीची काळजी घ्या, तेलपाणी बघा, चाकांत हवा भरा, तिला उन्हापावसात विसरू नका. ती तुम्हाला मनापासून साथ देईल. फक्त एक मागणे आहे. आम्हाला तोंड नसते, म्हणून आमच्यावर काहीही ढकलता येते. तसे करू नका. कोणाला नाही म्हणायचे असेल, तर ते आपल्या स्वतःच्या नावाने म्हणा.