पितृपक्षातली गाडी

बाबांना आयुष्यात सायकलही धड चालवता आली नाही, पण घाटाखालच्या निम्म्या गाड्यांच्या बॉनेटवर स्वस्तिक त्यांच्याच हातचं आहे. मोताळ्यात मार्तंडगुरुजी म्हटलं की लोकांना लग्नमुंजीच्या आधी नवी गाडी आठवते. चाकाखाली लिंबू, समोर नारळ, आणि पूजा झाली की गाडीवाल्याला ताकीद, पहिला फेरा देवळाकडे. दसऱ्याला तर बुलढाण्याचे शोरूमवाले त्यांना घ्यायला सकाळीच माणूस पाठवायचे. अशा माणसाच्या घरी गाडी नव्हती आणि त्याचं आम्हाला कधी काही वाटलंही नाही. वाटायला लागलं ते आईचं डायलिसिस सुरू झाल्यावर.

दर सोमवारी आणि गुरुवारी तिला बुलढाण्याला न्यावं लागायचं. मी मोताळ्याच्या पोस्टात कारकून. अर्धी रजा टाकायची आणि तिला एसटीत चढवायचं. जाताना ती जेमतेम बसायची, येताना माझ्या खांद्यावर मान टाकायची, आणि जागा नसली तर कोणी भला माणूस उठेपर्यंत दांडा धरून उभी राहायची. भाड्याची गाडी सांगायचो, पण ती मिळाली तर मिळाली. शेवटी पावसाळ्यात बाबाच म्हणाले, "लहानशी एक गाडी पाहू." नोकरी लागल्यावर मी हौसेने ड्रायव्हिंग शिकले होते. त्या हौसेला काम मिळालं.

लहान गाडी पाहू म्हणणं सोपं आहे. पाहायला निघालं की सगळ्या सख्ख्या बहिणी दिसायला लागतात. आमच्यापुढे शेवटी दोन उरल्या, एक बुलढाण्याच्या शोरूममधली आणि एक खामगावच्या. लांबी तीच, इंजिन तेवढंच, कागदावर ॲव्हरेजही तेवढंच. सुनांना माहेरच्या गावावरून ओळखतात तसं आम्ही घरात त्यांना 'बुलढाण्याची' आणि 'खामगावची' म्हणायला लागलो. पुण्याहून माझा धाकटा भाऊ सोहम रोज एक व्हिडिओ पाठवायचा. आज बुलढाण्याची चांगली, उद्या खामगावची. त्याला आईला बसमध्ये चढवावं लागत नव्हतं, त्यामुळे त्याच्याकडे वेळ भरपूर होता.

खामगावला डिंपल नावाच्या मुलीने आम्हाला थंड पाणी दिलं, कॉफी दिली, आणि बाबांकडे पाहून गाडीचं पुराण सुरू केलं. मी म्हटलं, गाडी मी चालवणार आहे. ती माझ्याकडे पाहून गोड हसली आणि परत बाबांना म्हणाली, "सर, मॅडमसाठी यात आरसा पन देलेला आहे." माझं डोकं सणकलं. किंमत विचारली की एक आकडा, कागदावर लिहा म्हटलं की दुसरा. सीट कव्हर आमच्याकडूनच, विमा आमच्याकडूनच, बाहेरून घेतला तर गाडी कधी मिळेल सांगता येत नाही. ऑफर म्हणे आजच्या दिवसापुरतीच. पुढे कितीतरी दिवस तिचा रोज फोन यायचा आणि ती ऑफर रोज त्याच दिवशी संपायची.

निवड शेवटी आईने केली. खामगावच्या गाडीत ती बसली आणि बसूनच राहिली. तिचे पाय तेव्हा सुजलेले असायचे आणि सीट होती खोल. डिंपलने आणि मी दोन्हीकडून धरून तिला बाहेर ओढलं. आई घामाघूम झाली होती, तरी हसत म्हणाली, "हे गाडी नाई व माय, विहीर हाय. उतरता येते, चढता येत नाई."

बुलढाण्याच्या गाडीची सीट जरा उंच होती, फार तर चार बोटं. आईने पाय बाहेर वळवले, दाराला धरलं आणि आपली आपण उभी राहिली. तिच्या चेहऱ्यावर जे उमटलं ते मी त्या वर्षात पहिल्यांदा पाहत होते. ती म्हणाली, "हेच घ्या. इच्यातून मी आपल्या पायानं उतरीन." झालं. सोहमचे सगळे व्हिडिओ पाण्यात गेले.

तिथला विक्रेता हरिओम बाबांच्या ओळखीचा. त्याच्या कितीतरी गिऱ्हाइकांच्या पूजा बाबांनीच केलेल्या. "गुरुजी, तुमची गाडी म्हंजे आमच्या घरची गाडी," असं म्हणत त्याने घरच्याच गाडीच्या बिलात नको त्या तीन-चार वस्तू घुसवल्या. मी एकेक काढायला लावली. बाबा खाली मान घालून बसले होते. त्यांना भिडेखातर सगळंच चालायचं. त्यांच्या या भिडेचा मला आधीपासून राग यायचा, पण तेव्हा तो निदान हसण्यावारी नेण्यासारखा होता.

पांढरा रंग शिल्लक नव्हता. थांबावं लागलं, आणि गाडी आली ती नेमकी पितृपक्ष लागल्यावर. हरिओमचा फोन आला. "गुरुजी, गाडी येऊन पडली, पासिंग बी होऊन गेलं. पन आता पक्ष लागला, तुमाले काय सांगाचं. घटस्थापनेले पहिली चावी तुमच्याच हातात."

"बरोबर आहे, तसंच करू," बाबा म्हणाले. घरात कोणाला विचारलं नाही.

आई आतून ऐकत होती. "काऊन हो? गाडी तयार हाय न?"

"शैला, पक्षात वाहन आणत नसतात."

"मंग पूजा नका करू. नुसती दारात आनून उभी करा. मले तिच्यात बसवा आन् तुमी तिकडं तोंड करून उभे राहा."

मी हसले. बाबा हसले नाहीत. पक्षाचे दिवस म्हणजे त्यांच्या धंद्याची गर्दी. रोज कोणाच्या ना कोणाच्या घरी श्राद्ध, आज मोताळ्यात, उद्या नांदुऱ्याला. दुसऱ्यांच्या आजे-पणज्यांना जेवू घालण्यात त्यांना घरी जेवायलाही सवड नव्हती.

त्या सोमवारी पाऊस होता आणि बसला मरणाची गर्दी. आईने पायरीवर पाय ठेवला, तो उचलला जाईना. मागून लोक ढकलायला लागले. ती म्हणाली, "नीरू, घरी चाल. आज नाई होत." भाड्याची गाडी लोणारला गेली होती. दवाखान्यात फोन केला तर म्हणाले, पाणी कमी द्या, गुरुवारी मात्र चुकवू नका. रात्री तिला आडवं होता येईना. उशा रचून ती बसूनच राहिली.

मी बाबांना म्हटलं, "उद्या मी जाते आणि गाडी घेऊन येते."

"थोड्या दिवसांचा प्रश्न आहे, नीरजा."

"प्रश्न आईचा आहे."

"मला कळत नाही का?" ते चिडले. बाबा सहसा चिडत नाहीत. "ह्याच पक्षात मी किती जणांना थांबवलं. पंजाबरावांच्या पोराची गाडी बुक आहे, त्यांना मी सांगितलं, घटस्थापनेपर्यंत हात लावू नका. आणि माझ्याच दारात नवी गाडी उभी दिसली तर? उद्या माझ्याकडे पूजेला येईल कोण?"

म्हणजे देवाची भीती नव्हती. पितरांचीही नव्हती. पंजाबरावांसारखे यजमान काय म्हणतील, ही भीती होती. मी तसं तोंडावर बोलले. आई म्हणाली, "जाऊ दे नीरू, त्याईले नको बोलू. गुरुवारी जाऊ न आपन बसनं." आणि आमच्या भांडणाने तिला धाप लागली, म्हणून मी गप्प बसले.

गुरुवारी बाबा नांदुऱ्याला श्राद्धाला गेले. मी आईला लवकरच्या बसमध्ये बसवलं, जागाही मिळाली. राजूर घाटात अर्ध्यावर बस थांबली. पुढे वळणावर ट्रक आडवा झाला होता. मागे गाड्यांची रांग लागली, आणि बसला ना पुढे जाता येईना ना वळता येईना.

डोंगराच्या बाजूने थोडी जागा शिल्लक होती. दोन-तीन माणसं तिथे उभी राहून हात करत होती. "लहान गाड्या निघा! फक्त लहान गाड्या!" आणि आमच्या खिडकीखालून त्या एकामागून एक निघायला लागल्या. एक खामगावची गेली. एक बुलढाण्याची गेली, पांढरी. आई काचेला डोकं टेकून पाहत होती. तिला बोलता येत नव्हतं. श्वास घेताना तिच्या छातीत पाणी वाजत होतं, ते मला शेजारी बसून ऐकू येत होतं.

मी १०८ला फोन केला. ते म्हणाले निघतो, पण वरूनही रस्ता बंदच आहे. बाबांना लावला. वाजून वाजून थांबला. पूजेच्या वेळी त्यांचा फोन पिशवीत असतो. मग मी खाली उतरून रस्त्याच्या मध्ये उभी राहिले. पहिली गाडी भरलेली होती. दुसऱ्याने काच खाली केली, माझं ऐकलं आणि काच वर केली. तिसरीत एक नवरा-बायको होते. बाई लगेच मागे सरकली. कंडक्टरने आणि त्या माणसाने आईला खुर्चीसारखं उचलून बसमधून उतरवलं. तिची एक चप्पल पायरीवर राहिली.

आम्ही दवाखान्यात पोचलो तेव्हा तिचे ओठ निळे पडले होते. डॉक्टरांनी धावपळ केली, नळी घातली, मशीन लावायला घेतलं. ते लागायच्या आधीच ती गेली. मला बाहेर येऊन सांगितलं तेव्हा मी पहिल्यांदा विचारलं ते हे, की आणखी थोडं आधी आणलं असतं तर? तो तरुण डॉक्टर होता, खोटं बोलायला अजून शिकला नव्हता. तो म्हणाला, "सोमवारी यायला पाहिजे होतं."

दुसऱ्या दिवसापासून घरी माणसं यायला लागली. सोहम रात्रीच आला होता, भिंतीला टेकून बसला होता. बाबा चटईवर. ते कोणाशी बोलत नव्हते. माझ्याशी तर नाहीच. मीही बोलत नव्हते. मला त्यांच्याकडे पाहवत नव्हतं आणि त्यांची कीवही येत नव्हती. खरं सांगायचं तर त्या दिवशी मला ते नको होते.

पंजाबराव आले, बाबांच्या शेजारी बसले. पाठीवर हात ठेवून म्हणाले, "गुरुजी, वाईट झालं. पन पक्षात गेल्या वहिनी. पक्षात जायाले भाग्य लागते. सरळ मोक्ष. तुमीच त सांगता आमाले."

हे खरं होतं. बाबा सांगायचे. ज्यांच्या घरी असं काही होई तिथे जाऊन हेच सांगायचे, आणि लोकांना बरं वाटायचं.

माझा तोल गेला. "मरायला चालतो का हो पक्ष? मरायला चांगला, आणि दवाखान्यात न्यायला गाडी आणायची तर वाईट?"

"ताई," सोहम म्हणाला. बायकांपैकी कोणीतरी मला दंडाला धरलं. पंजाबराव चपापून बाबांकडे पाहायला लागले. ते काही उत्तर देतील, शास्त्रातलं काही सांगतील, अशी बहुधा त्यांची अपेक्षा होती.

"बोलू द्या तिला," बाबा म्हणाले. "पंजाबराव, ती भाग्याने नाही गेली. गाडी तयार होती. ती आणा म्हणत होती. तुम्ही लोक काय म्हणाल म्हणून मी आणली नाही."

"असं नका म्हनू गुरुजी. तुमच्या हातात काय व्हतं?"

"चावी होती," बाबा म्हणाले. "फोन करायचा अवकाश होता."

पंजाबरावांनी बाबांच्या पाठीवरचा हात काढून घेतला. मग ते उठले. दारात दुसरी माणसं चपला काढत होती. ती आत येऊन बसली, त्यांच्यातलंही कोणीतरी भाग्य म्हणालं, आणि बाबांनी त्यांनाही तेच सांगितलं, त्याच शब्दांत. मग जो येईल त्याला सांगत राहिले. सोहम म्हणाला, ताई, त्यांना थांबव, लोक बाहेर जाऊन काय काय बोलतील. मी थांबवलं नाही. मला थांबवावंसं वाटलंच नाही.