राखणदाराचा घाम

अमावास्येला सकाळीच खडकेवाडीच्या माळावर पाय ठेवायला जागा उरली नव्हती. आष्ट्याहून बैलगाड्या आल्या होत्या, विट्याकडची माणसं एसटीनं उतरली होती, पार साताऱ्याहून एक वकीलसाहेब सहकुटुंब आले होते. सगळे एका मोटारीच्या पाया पडायला आले होते.

मोटार लांबलचक, फिकट निळी, परदेशी. तिला टप नव्हता. वर ओढून घ्यायचं कापडी छत होतं, ते उंदरांनी खाल्लं. संस्थानिकांचे तनखे बंद झाले तशी त्यांच्या दारातली हत्तीएवढी वाहनं मोडीच्या भावात निघाली, त्यातलंच हे एक माळावरच्या मठातल्या नाथाजीबुवांच्या पदरात पडलं. बुवांनी बोनेटवर मळवट भरला, दिव्यांना काजळ घातलं, आरशाला लिंबू बांधलं आणि मोटारीचं नाव ठेवलं 'आई'. ही आई पेट्रोल प्यायची आणि करणी करणाऱ्या बाईला ओळखायची. करणी करणारी बाईच असणार, हे आधीच ठरलेलं होतं. पुरुषाला कधी त्या सीटवर बसवल्याचं माळावर कुणाला आठवत नव्हतं.

"बसवा तिला!" मागच्या सीटच्या पाठीवर चढून बुवा गरजले. "आईला कोर्ट नको, वकील नको, साक्षीदार नको! पापी मांडीवर बसली की आईला सोसत न्हाई! हालू दे गं आई! थरथरू दे गं आई! करणीवालीचं काळीज भायेर पडू दे!"

वकील नको म्हटल्यावर वकीलसाहेबांनीच आधी हात जोडले.

त्या दिवशी पाळी होती शेजारच्या गावच्या साळूबाईची. तिच्या दिराचे बैल खुरकतीनं मेले होते. हंबीरराव थोरातानं अदबीनं दार उघडलं आणि तिला आत ढकललं. हलग्या कडाडल्या. स्टिअरिंगवर बसलेल्या धुळा नावाच्या चेल्यानं समाधी लागल्यासारखे डोळे मिटले. आणि उभ्या जागी मोटार थरथरायला लागली. आधी आरशाचं लिंबू नाचलं, मग दारं, मग बोनेट, मग अख्खी मोटार हुडहुडी भरल्यागत हलू लागली. "आई बोलली! आई बोलली!" माणसं मातीत लोळण घेऊ लागली. साळूबाई काहीतरी ओरडून सांगत होती, पण हलग्यांपुढं कुणाला ऐकू येणार? दिरानं तिला केसाला धरून खाली ओढलं आणि तिथूनच गावाबाहेर काढलं.

हंबीररावानं दार लावलं आणि सीट पुसली. लष्करात ट्रक चालवून, एकाहत्तरची लढाई बघून तो पेन्शनीत आला होता. मोटारीची देखभाल त्याच्याकडं होती. दर आठवड्याला तो तिला आंघोळ घालायचा, तेल-पाणी बघायचा, आणि ही सेवा फुकट करायचा.

आईखालोखाल मान होता तो मठाच्या चार राखणदारांना. चार कोपऱ्यांत चार लोखंडी डबे, शेंदरानं पार लडबडलेले, उचलायला जड. उचलून हलवलं की आत काहीतरी धडधडायचं. "काळीज हाय त्यास्नी," बुवा सांगायचे. उन्हाळ्यात त्यांतल्या एकाच्या अंगातून तेलकट घाम झिरपायचा. तो घाम बोटावर घेऊन बाया तापलेल्या पोरांच्या कपाळाला लावायच्या.

गेल्या साली हंबीररावाच्या धाकट्या पोरीला ताप भरला, तेव्हा त्यानंही तेच केलं. आष्ट्याचा दवाखाना बैलगाडीनं गाठता आला असता. तो घाम लावत बसला आणि पोर गेली. मग बुवांनी बोट दाखवलं ते त्याच्या म्हाताऱ्या आईकडं, भामाबाईकडं. मोटार हलली. भामाबाईनं दाराची कडी घट्ट धरली होती. ती रडली नाही, शिव्या दिल्या नाहीत. मुलाकडं बघून एवढंच म्हणाली, "हंब्या, गाडी कशानं हालतीया ते बघ की रं. तू तर डायवर."

हंबीररावानं बघितलं नाही. त्यानंच तिला दंडाला धरून शिवेबाहेर नेऊन सोडलं. पाटाच्या कडेला पाचटाच्या खोपीत ती राहिली. विहिरीवर तिला कुणी पोहरा टाकू देईना. थंडीत एका सकाळी ती मेलेली सापडली, तेव्हाही हंबीरराव गेला नाही. दुसऱ्यांनी माती केली.

आणि आता साळूबाईला हाकलून झाल्यावर, गर्दी पांगायच्या आधी, बुवांनी पुन्हा हात वर केला. "हंबीररावाच्या घरात अजून इख हाय! म्हस आटली, पोरगं खोकतंय! फुडल्या अमुशाला त्याची बायकू बसंल!"

त्याच्या बायकोचं नाव सुलाबाई. कडेवरचं पोर सावरत ती गर्दीतच उभी होती. "बसंन की," ती म्हणाली.

त्या आठवड्यात सोपान कांबळे मास्तर हंबीररावाच्या अंगणात आले. खडकेवाडीच्या बौद्धवाड्यातले, आष्ट्याला हायस्कुलात विज्ञान शिकवणारे. सुलाबाईनंच निरोप धाडला होता. मास्तर अंगणातच उभे राहिले. बसा म्हणायची त्या घराची रीत नव्हती.

"हंबीरराव, माझ्या वर्गातल्या एका पोरीच्या कपाळाला राखणदाराचा घाम होता. मी हुंगून बघितला. जळक्या ऑइलचा वास. तुमी जलमभर ट्रक चालवला, तुमाला कळला न्हाई?"

"मास्तर, आमच्या देवात पडू नगा."

"देवात न्हाई, गाडीत पडतोय. कुपवाडला एका वर्कशॉपात चौकशी करून आलोय मी. बोनेटखाली दोन आन् डिकीत दोन, अशा चार रिकाम्या जागा हायेत का गाडीला? बोल्ट बसायला आट्या पाडलेली भोकं असलेल्या?"

"न्हाईत!" हंबीरराव ओरडला. "चला, निघा हितनं!"

जागा होत्या. त्यानंच त्या भोकांत पाणी जाऊ नये म्हणून चिंध्यांचे बोळे कोंबले होते. बोळे कोंबताना आतल्या आट्या बोटाला लागल्या होत्या. कुठलीच कंपनी गंमत म्हणून गाडीला आट्या पाडत नाही, हे अडाण्यातल्या अडाणी क्लीनरलाही कळतं. हंबीररावाला कळत होतं आणि कळून घ्यायचं नव्हतं. कारण मोटार खोटी ठरली तर म्हातारी खरी ठरत होती. मग तिला शिवेबाहेर नेऊन सोडणारा हात कुणाचा होता, याचं उत्तर द्यावं लागलं असतं. त्यापेक्षा मोटारीची आंघोळ सोपी होती.

पुढच्या अमावास्येला सुलाबाई स्वतः चालत माळावर आली. पोर शेजारणीकडं दिलं आणि हंबीररावानं दार उघडायच्या आत सीटवर जाऊन बसली. गाडी हलली की पोर नवऱ्याचं आणि खोप तिची, हे तिला ठाऊक होतं. बुवांनी तोंड उघडलं, इतक्यात मास्तर गर्दीतून पुढं झाले.

"बुवा, एक शंका हाय. आईचे राखणदार मठात का? आई बोलत असताना ते आईच्या अंगावर नकोत? चारी राखणदार गाडीत बसवा. मग आई जे बोलंल ते सगळं गाव मानंल."

बुवांचा चेहरा उतरला. "राखणदार जागचं हाललं तर कोप हुईल!"

"आईजवळ गेल्यावर कसला कोप?" कुणीतरी म्हणालं. "व्हय व्हय, बसवा!" गर्दी ओरडली. बुवांनीच शिकवलेली भक्ती बुवांच्या अंगावर आली. पुन्हा आलेल्या वकीलसाहेबांनाही मुद्दा पटला. साक्षीदार जितके जास्त तितकं बरं, असं त्यांचं मत पडलं.

"पर मास्तर, तुमी हात लावायचा न्हाई हां," एक म्हातारा गुरकावला.

"न्हाई लावत," मास्तर शांतपणे म्हणाले. "हंबीरराव लावतील. ते डायवर हायेत."

राखणदार आणले गेले. शेंदूर खरवडला तेव्हा खालून कंपनीचे ओतीव आकडे निघाले आणि बोल्ट निघाले. डबे काढणाऱ्यानं हरवू नयेत म्हणून ते डब्यांनाच अडकवून दिले होते. हंबीररावानं चिंध्या उपसल्या. पहिला डबा जागेवर ठेवला, तर तो तिथंच जन्मल्यासारखा बसला. बोल्ट नुसत्या बोटानं आत गेला.

त्याला सगळं कळलं. आता फक्त पान्यानं बोल्ट आवळायचे होते. त्यानं सुलाबाईकडं पाहिलं. ती म्हातारीच्याच जागेवर बसली होती, म्हातारीसारखीच दाराची कडी धरून. हंबीररावानं मान खाली घातली आणि चारी डबे सैल ठेवले.

"हलग्या बंद!" मास्तर म्हणाले. "आई काय बोलती ते ऐकू द्या की."

हलग्या थांबल्या आणि पहिल्यांदाच गावाला इंजिन ऐकू आलं. धुळाचे डोळे मिटलेलेच होते, पाय मात्र जागा होता. इंजिनाचा आवाज जरा चढला, एका पट्टीत थांबला, आणि मोटार थरथरली. "बोलली!" बुवा किंचाळले. पण थरथरीबरोबर डिकीतून लोखंडाची खडखड येत होती.

सुलाबाई वळून ऐकत राहिली. मग खाली उतरली आणि नवऱ्यासमोर उभी राहिली.

"सैल हायेत," ती म्हणाली.

तिनं त्याच्या हातातला पाना ओढून घेतला. आधी डिकीत वाकली, मग बोनेटखाली. दात ओठ खात, पदर खोचून तिनं एकेक बोल्ट आवळला. मग पाना हातात घेऊनच ती पुन्हा सीटवर बसली. "हां. आता बोल म्हणावं आईला."

धुळानं पाय दाबला. इंजिन त्या पट्टीवर आलं. मोटार गप्प. धुळानं जास्त दाबलं, कमी केलं, त्याला घाम फुटला. आरशाचं लिंबू जागचं ढळलं नाही.

"करणीवालीनं आईला बांदलं!" बुवांनी शेवटचा प्रयत्न केला.

"मग तुमी बसा," मास्तर म्हणाले. "डबे काढतो. आई तुमाला तरी वळखंलच की."

डबे निघाले. बुवा पळायला बघत होते. चारजणांनी त्यांना उचलून सीटवर टाकलं. गर्दीचा रंग बघून धुळानं मुकाट्यानं पाय पुन्हा त्याच जागी आणला. मोटार बुवांना घेऊन अशी थरथरली की त्यांची गळ्यातली माळ खुळखुळली. कुणीतरी हसलं. मग अख्खा माळ हसला.

मास्तर बोनेटवर चढले. "गाडीला टप असला की अंग घट्ट राहतं. टप नसला की ती एका ठराविक वेगाला थरथरती. झोक्याला बरोबर वेळ साधून ढकललं की झोका वाढत जातो ना, तसं इंजिन तिला ढकलतं. म्हणून कंपनी चार कोपऱ्यांत हे डबे बसवती. आत तेल, तेलात स्प्रिंग, स्प्रिंगवर वजन. गाडी वर जाती तवा वजन खाली जातं, आणि थरथर मरती. पेट्रोल महाग झालं तवा बुवांनी गाडी हलकी करायला कुपवाडला डबे काढून घेतले. गाडी थरथरायला लागली, आणि बुवांना धंदा सापडला. काळीज म्हंजे स्प्रिंगवरचं वजन. घाम म्हंजे फुटक्या डब्यातलं ऑइल. तेच तुमी पोरांच्या कपाळाला लावलं."

हसू विरलं. माळावर आलेल्यांच्या कितीतरी घरांतून एकेक बाई बाहेर काढलेली होती. आता प्रत्येकाला आपापली आठवली. आणि मग माणसं बुवांवर तुटून पडली. सगळ्यात आधी दगड उचलला तो साळूबाईच्या दिरानं. बुवांना मारणं फार सोपं होतं. मारणाऱ्याला तेवढा वेळ स्वतःकडं बघावं लागत नव्हतं. मास्तर मधे पडले. "पोलिसांत द्या त्यांना! आन् आपापल्या बायास्नी आधी परत आणा!" पण ज्यांना आपली बाई आता परत आणता येणार नव्हती, त्यांनीच जास्त मारलं.

हंबीरराव मारायला गेला नाही. तो मास्तरांच्या पायाशी बसला. "मास्तर, मग माजी आय?"

मास्तर खोटं बोलू शकले असते. "तिनं काही केलं नव्हतं," ते म्हणाले. "ती तुमच्यामुळं गेली, हंबीरराव. आन् पोरगीबी."

सुलाबाईनं शेजारणीकडून पोर घेतलं. आष्ट्याच्या दवाखान्यात त्याला दाखवायचं आणि तिथूनच विट्याला, माहेरी जायचं, असं तिनं ठरवलं होतं. हंबीरराव आडवा आला. "सुला, घरला चल. गाडी खोटी हाय, सगळ्यांनी बघितलं की."

"गाडीनं मला सोडलं," ती म्हणाली. "तुमी न्हाई सोडलं. पाना तुमच्या हातात हुता." पाना त्याच्यापुढं मातीत टाकून ती एसटीच्या वाटेला लागली.

गर्दी पांगली. टपाविना निळी मोटार उन्हात उभी होती. हंबीरराव मातीत आडवा झाला, कोपरांवर सरकत तिच्याखाली गेला आणि वर बघू लागला. पाडलेल्या आट्या तिथं होत्या, बोटाला लागत होत्या. एवढंच करायचं होतं. त्यासाठी ना विज्ञान लागत होतं, ना हायस्कूल, ना मास्तर. कुणी चमत्कार दाखवला तर हलगी थांबवा आणि खाली वाकून बघा. तेवढ्यानं कुणाचा तरी जीव वाचतो. त्याची म्हातारी दुसरं काही मागत नव्हती. गाडी कशानं हलते ते बघ, एवढंच तिनं सांगितलं होतं.