पान सहा

मिस्त्रींनी फाइलची नाडी डाव्या हाताने सोडायचा प्रयत्न केला, दोनदा चुकले, मग दातांनी ओढली. तिने मदतीला पुढे केलेला हात उगाचच पेपरवेटकडे वळवला.

"उजव्याची दोन बोटं काय गेली, ताई, डावा लगेच भाव खायला लागला."

तिला हसू आलं नाही. महिन्यापूर्वी जुन्या रंगकारखान्याच्या आवारात, माती किती खोलवर नासली आहे ते तपासायला भोकं पाडताना, मशीनच्या फिरत्या दांड्यात बाही अडकून त्यांचा हात सापडला होता. मशीन त्यांचं, कामगारांच्या सुरक्षेचा आराखडा तिचा. अकरा वाजता चौकशी होती. आता सव्वादहा.

"एक विनंती होती. रोज सकाळी आराखडा वाचून सही करतो ना आम्ही? मी वाचलाच नव्हता. बावीस वर्षं मशीन चालवतोय, मला काय शिकवणार कागद! ठोकली सही. सैल बाहीचं लिहिलं होतं म्हणे त्यात."

"लिहिलं होतं."

"बघा. तुम्ही एवढं जीव तोडून लिहायचं, आणि आम्ही हे असे. माफ करा मला. पण चौकशीत तेवढं बोलू नका. मशीनवरून उतरवतील. दिवसभर घरात बसलो तर पुढचा अपघात बायकोच करेल."

तिने फक्त गप्प राहायचं होतं. सुटका आपल्या पायांनी चालत येऊन समोरच्या खुर्चीत बसली होती, वर माफीही मागत होती. ती घोटभर पाणी प्यायली.

"आराखड्याचं पान सहा काढा. मोठ्याने वाचा."

"आता वाचून बोटं उगवणार आहेत का?"

"वाचा, मिस्त्री."

त्यांनी चष्मा चढवला. "अपघात झाल्यास न्यायचा दवाखाना. पूल ओलांडून डावीकडे, पाण्याच्या टाकीमागे..." आवाज मंदावला. "ही तर ती कुलूपवाली जागा. दवाखाना कधीच हललाय तिथून."

"दोन वर्षांपूर्वी. खालची ओळ वाचा."

"'हा रस्ता मी स्वतः गाडीने जाऊन तपासला आहे.'" त्यांचं बोट खाली तिच्या वळणदार, नीटनेटक्या सहीवर थांबलं. "म्हणजे ताई, तुम्हीपण..."

"जुन्या कामाचं पान होतं. तारीख तेवढी बदलली."

अपघाताच्या दिवशी त्या कुलपापाशी पाऊण तास गेला होता. थोडं आधी आणलं असतं तर बोटं वाचली असती, हे डॉक्टरांचं वाक्य दोघांनाही पाठ होतं.

मिस्त्रींनी फाइल मिटली. नाडी बांधता येईना. तिने हात पुढे केला, तशी त्यांनी फाइल स्वतःकडे ओढून घेतली.

"हे मी आज सांगणार आहे," ती म्हणाली.

"सांगा." त्यांनी चष्मा काढून ठेवला. "त्या दिवशी मला नेणारा ड्रायव्हर सांगत होता हो, कागदात हाच रस्ता आहे म्हणून. मी म्हटलं, खोटारडा, रस्ता चुकला आणि आता कागदावर ढकलतोय. मीच कामावरून काढायला लावला त्याला. पहिल्याच आठवड्यात."

तिला हे माहीत नव्हतं.

त्यांनी खिशातून फोन काढला, डाव्या अंगठ्याने सावकाश ड्रायव्हरचा नंबर शोधून लावला आणि फोन टेबलावरून तिच्याकडे सरकवला.

"आधी तुम्ही बोला. मग मला द्या."

पलीकडे घंटी वाजू लागली होती.