तेलाची वेगळी वाटी

नंदुरबारला मिरची वाळवायच्या पथारीवर देठ खुडणाऱ्या बायकांचे हात दुपारपर्यंत नुसते भगभगतात. मग सगळ्या जणी एकाच वाटीतलं तेल हाताला चोळतात. जमनाबाईची वाटी मात्र वेगळी. तिला एचआयव्ही आहे ही बातमी फुटली, त्याच दिवशी बायकांनी तिची वाटी वेगळी केली आणि सगळ्या निर्धास्त झाल्या. शहाणपणाची कमाल म्हणायची, दुसरं काय!

त्यांच्यातली रूपालीही निर्धास्त झाली होती, पण तिला चैन पडेना. चौकशांची खोड तिला लहानपणापासूनची. लग्नात तिने भटजीलाही प्रश्न विचारून हैराण केलं होतं. जमनाबाई पन्नाशीची, पण मिरचीचं पोतं एका दमात उचलायची. मग ही आजारी कुठून? एका दुपारी रूपाली आपली पाटी घेऊन सरळ तिच्याशेजारी जाऊन बसली. बाकीच्या कुजबुजल्या, पण हिने तिकडे ढुंकूनही पाहिलं नाही.

"जमनामावशी, राग नका धरज्यात. तुम्ही आजारी दिसतस नई, ते कसं काय?"

जमनाबाई खुदकन हसली. कितीतरी दिवसांनी तिला कुणी काही विचारलं होतं. "रोज दवाखानानी गोयी लेस, पोर. गोयी चालू शे, मी बी चालू शे."

"आनि तुमना तेलघाई माले व्हई का?" रूपालीने वाटीकडे बोट दाखवलं.

"तेलघाई नई, हात लावाघाई नई, संगे जेवाघाई बी नई. माले नवरापाईन व्हयनं. तो टरक चालाडे. बाहेरगावले बायासकडे जाये, निरोध वापरे नई."

"तो आजारी दिसे का?"

"पैलवान दिसे! म्हनीसन तं माले कव्हय शंका उनी नई."

रूपालीच्या हातातली मिरची हातातच राहिली. तिचा नवरा अमृत मिरचीची गाडी घेऊन सुरतेला जायचा, आठ-आठ दिवस परतायचा नाही. चांगला धडधाकट गडी, तिला त्याचा केवढा अभिमान! आता पहिल्यांदाच तिला स्वतःच्या घराची भीती वाटली. आपल्याला झालं असेल का, एवढंच तिला कळायला हवं होतं.

"तपासनी कोठे व्हस?"

"सरकारी दवाखानाम्हा. फुकट शे, कोनले सांगतस बी नई. घाबरू नको, व्हयनं तरी गोया शेतस."

रूपालीने जमनाबाईच्या वाटीत बोटं बुडवली आणि दोन्ही हातांना तेल चोळलं. समोरच्या बायका बघतच राहिल्या.

संध्याकाळी सुरतेहून परतलेला अमृत जेवायला बसला. रूपालीने त्याला कळण्याची भाकरी वाढली आणि म्हणाली, "सकाय दवाखानाम्हा जाऊत. दोन्ही जन एचआयव्हीनी तपासनी करी लेऊत."

तो चिडेल, हसण्यावारी नेईल, निदान कशाला म्हणून तरी विचारेल, असं तिला वाटलं होतं. उत्तरंही तिने मनात जुळवून ठेवली होती.

अमृतने घास पुन्हा ताटात ठेवला. त्याचा चेहरा उतरला.

"तुले कोनी सांगं?" त्याने विचारलं.