एकशे पस्तीसमध्ये न मावलेली

अमडापुरात कोणी गेलं की तेरवीच्या आत घरचे माझ्या स्टुडिओत येतात. हातात लग्नातला एखादा ग्रुप फोटो असतो. "मोतीरामभाऊ, यातून आमच्या बुढीले तेवढं काढून द्या." मी गर्दीतून चेहरा उचलतो, मोठा करतो, फ्रेम करून देतो. तीस वर्षं हेच करत आलोय. आता माझीच बायको गेली, कला, आणि तिच्या तेरवीला हार घालायला धड फोटो नाही.

मोबाइलमधले सगळे आजारपणातले, गालफडं बसलेले. छकुली, माझी मुलगी, ते बघून तोंड फिरवते. "बाबा, जिंदगीभर लोकायचे फोटो काढले तुम्ही. आईचा हसतानाचा एकही नाही काऊन?"

एक असायला हवा होता, उकंडरावच्या लग्नातला. उकंडराव म्हणजे कलाचा धाकटा भाऊ. वडनेर भोलजीला त्याच्या लग्नात फोटो मीच काढले होते. तेव्हा माझ्याकडे दोन जुन्या लेन्स होत्या, दोन्ही हातानं फोकस करायच्या. एक झूम, ऐंशी ते दोनशे मिलिमीटरची. कडं मागंपुढं ओढलं की माणूस जवळ येतो, लांब जातो. दुसरी एकशे पस्तीसची, एकाच मापाची. कोणी मावत नसेल तर आपणच मागं सरायचं. ही खामगावहून नुकतीच आणली होती आणि मला तिची भलतीच घमेंड. झूम म्हणजे आळशाचं काम, असं भेटेल त्याला ऐकवायचो.

हळदीला सहा बायका ओळीनं उभ्या केल्या. एकच फोटो दोन्ही लेन्सनं काढायचा, म्हणजे सरस कोणती ते एकदाचं कळेल, असं मनात होतं. झूममध्ये सहाही आल्या. एकशे पस्तीस लावली, तर टोकाची कला कापली जायला लागली. माझ्या पाठीला भिंत होती.

"कला, तू सरक जरा. मावत नाहीस."

नवरदेवाची सख्खी बहीण, करवली ती. पण लगेच बाजूला झाली, काहीतरी बोललीसुद्धा. मी बटण दाबलं.

काल निगेटिव्हचा डबा उघडला. एकशे पस्तीसची पट्टी पातळ कागदात जपून ठेवलेली. झूमची नाहीच. फिल्म धुतल्यावर मी ती भिंगाखाली पाहिली होती, कडेचे चेहरे जरा पुसट वाटले, म्हणून कात्रीनं कापून फेकून दिली होती. मोठा पारखी लागून गेलो होतो! स्वतःच्या त्या हातांचा मला संताप येतो.

छकुलीला खरं ते सांगितलं. 

"पुसट असता तरी चालला असता न, बाबा."

मग आहे तो एकशे पस्तीसचा तरी पाहू म्हणून स्कॅन करून कॉम्प्युटरवर मोठा केला. अजून लख्ख आहे. नथीतले मोती मोजून घ्यावेत, गालावरची हळद बोटाला लागावी. पाचही जणी पोट धरून हसताहेत. पण एकीचीही नजर माझ्याकडे नाही. सगळ्या उजवीकडे, फोटोच्या बाहेर बघताहेत, जिथं कला उभी होती.

छकुलीनं पडद्यावरच्या त्या कडेला बोट लावलं. "आई काय बोलली असन हो?"

मी ऐकलंच नव्हतं. मी फोकस जुळवत होतो.