रिकामा पाळणा हलला तो दिवस

मित्रांनो, मी एक जुना पाळणा आहे. जुना म्हटल्यावर तुम्हाला वाटेल, माझ्यात कितीतरी बाळं झोपली असतील. खरं सांगायचं तर पहिली पाच वर्षं एकही नाही.

राहात्याच्या आसाराम सुताराने मला घडवलं. रंधा मारून झाल्यावर त्याने माझ्या प्रत्येक दांडीवरून आपला गाल फिरवला. "हाताला लाकडाची कूस कळत न्हाई, गालाला कळती," असं तो बायकोला म्हणाला. बाळाचं डोकं अडकू नये म्हणून दांड्याही त्याने दोन-दोन बोटांवर बसवल्या.

संगमनेरच्या एका विडी कारखान्याने मला विकत घेतलं, तेव्हा मी हरखून गेलो. साठ-सत्तर बायका तिथे मांडीवर सूप घेऊन विड्या वळत. मग बाळांची काय कमी! पण मुकादम सूर्यभानने मला गोणपाटात गुंडाळून पानांच्या गोदामात टाकलं. वर्षातून एकदा तो मला पुसून कोपऱ्यातल्या खोलीत टांगायचा आणि दारावर 'पाळणाघर' अशी पाटी लावायचा. दुपारी सरकारी साहेब येऊन जायचे. संध्याकाळी मी परत गोणपाटात. मला वाटायचं, कसला तरी सण असावा. मी वेडा, त्या दिवसाची वाट बघायचो.

मग बहात्तर साल आलं, दुष्काळाचं. गोदामाच्या जाळीतून मला दारासमोरचं लिंबाचं झाड दिसे. त्याच्याखाली राहीबाई येऊन बसू लागली. ती इथलीच कामगार. पदराखाली दोन महिन्यांची मुलगी. मुकादम दिसला की ती उठून उभी राहायची.

"मुकादम, माझं सूप कुठं हाय?"

"तुझं नाव कमी झालं. तूच अंगठा दिलास की."

"त्यो सुट्टीचा कागद हुता. बाळंतपनाच्या. तुमीच म्हनला."

"मग वाचून द्यायचा अंगठा," मुकादम म्हणाला आणि हसला. राहीबाईला वाचता येत नव्हतं, हे त्याला चांगलं ठाऊक होतं.

इथलं काम गेलं, तर तिच्यापुढे खडी फोडण्याचं दुष्काळी काम तेवढं उरलं होतं. दिवसभर उन्हात, उडणाऱ्या कपच्यांत, त्या तान्हीला शेजारी ठेवून. जाळीतून मला बाळाची टाळू दिसायची. ती अजून उडत होती. मी नुसता बघत राहायचो. माझ्यात जागा होती, आणि ते बाळ मातीत निजत होतं.

भागूबाई नावाची जुनी कामगारीण एकदा मुकादमाला म्हणाली, "घ्या की तिला आत. तिचा हात चांगला हाय."

"भागूबाई, उद्या तुझ्याच विड्यांत छाट लई निघंल हं," मुकादम सहज बोलल्यासारखं म्हणाला. छाट म्हणजे नापास ठरवलेल्या विड्या. त्यांची मेहनत फुकट जायची. भागूबाईने आपलं सूप पुढे ओढलं.

आणि माझ्या 'सणाचा' दिवस आला. या वेळी साहेब नवीन होते. खोलीत येऊन त्यांनी विचारलं, "मुलं कुठे आहेत?"

"आज समद्या घरीच ठिवून आल्या, साहेब. एरवी नुसती गजबज असती. ह्यो बघा की पाळणा, कसा झुलतो." आणि मुकादमाने मला जोरात झोका दिला.

माझ्या कड्या करकरल्या. बाहेरच्या दालनात सगळे हात थांबले.

मित्रांनो, आमच्या भागात रिकामा पाळणा कुणी हलवत नाही. बाळाला वाईट असतं, असं मानतात. खरं-खोटं मला माहीत नाही. पण कुणी चुकून हलवला, तर घरातली बाई धावत येऊन हाताने थांबवते. मुकादमही याच भागातला, त्यालाही हे माहीत होतं. पाळणा दाखवायच्या घाईत तो विसरला.

भागूबाई दारात येऊन उभी राहिली. "मुकादम, रिकामा पाळणा हलवू नगा."

"जागेवर बस. छाट विसरलीस का?"

"निघू द्या छाट. भाईर तान्हं लेकरू हाय." तिने पुढे होऊन मला थांबवलं. तिच्या बोटांना तंबाखूचा वास होता.

"कुणाचं लेकरू?" साहेबांनी विचारलं.

मागून आवाज आला, "राहीचं." दुसरी म्हणाली, "लिंबाखाली बसलीय." तिसरी म्हणाली, "नाव काढलं तिचं. बाळंतपनाला गेली म्हनून."

साहेबांनी राहीबाईला आत बोलावलं आणि तिचा कागद मागवला. मोठ्याने वाचला. "'मी माझ्या खुशीने काम सोडत आहे.' बाई, हे तुमचं म्हणणं आहे?"

राहीबाई आपल्याच अंगठ्याकडे बघत राहिली. "मी तर म्हनले हुते, सव्वा महिन्यानं येते."

"बाळंतपणाच्या रजेत बाईला कामावरून काढता येत नाही, मुकादम. कायदा आहे. आणि पन्नासांहून जास्त बायका असतील, तिथे पाळणाघर लागतं. नुसती पाटी नाही."

भागूबाई साहेबांकडे वळली. "कायदा हाय?" ती हळूच म्हणाली. "मला तीन बाळंतपनांत तीन डाव काढलं, साहेब. तिन्ही डाव नवी म्हनून घेतलं. आमाला वाटलं, बाईचं असंच असतं."

मी हादरलो. म्हणजे दरवर्षी मला पुसून टांगत, ते यांच्या विरुद्ध खोटी साक्ष द्यायला. एक शब्दही न बोलता मी पाच वर्षं ती दिली होती.

त्या दुपारी भागूबाईने जुनेर दुमडून माझ्यात अंथरलं आणि राहीबाईने मुलीला त्यावर ठेवलं. दोन महिन्यांचं बाळ केवढं हलकं असतं! तरी माझ्या कड्या पहिल्यांदाच ताणल्या. राहीबाईला दुसऱ्या दिवशी सूप मिळालं. जुन्या नोंदीवर तिचं नाव परत चढायला मात्र चार महिने आणि बरेच हेलपाटे लागले. सूर्यभान पुढेही मुकादमच राहिला. कागद पुढे करणंही त्याने सोडलं नाही.

आता माझ्या दांड्यांवर इवल्या दातांच्या खुणा आहेत. एक खिळा सैल झालाय, तेवढा कुणी ठोकला तर बरं होईल. पण माझी खरी विनंती वेगळी आहे. मित्रांनो, तुम्ही शाळेत जाता, तुम्हाला वाचता येतं. आईपुढे कुणी कागद ठेवला, तर आधी तो तुम्ही मोठ्याने वाचून दाखवा. सगळा, शेवटच्या ओळीपर्यंत. तोवर तिच्या अंगठ्याला शाई लागू देऊ नका.